विचारून

मिडल्सबरोच्या हॉस्पिटलात ते यंत्र तळघरात आहे.
उताणं पडणाऱ्यांसाठी कुणीतरी
छताला चेरीचा बहर चिकटवलाय.
एका कोपऱ्यात सुटत आलेला.

शॅनन म्हणाली, हलू नका हं, आता तीन ठिपके.
एक छातीच्या मधोमध, दोन कुशींना,
रोज यंत्राला वाट सापडावी म्हणून.
शाईचा थेंब, त्यावर सुई.
आणि प्रत्येक सुईआधी तिनं विचारलं,
चालेल ना?

कोपराखाली हात उघडे ठेवायचे, हा इथला नियम.
तिचे दोन्ही भरलेले.
बहर सोडून मी तेच बघत राहिले:
टीज नदीवरचा निळा पूल, गाड्या टांगून पलीकडे नेणारा;
बापाच्या बिल्ल्याचा नंबर,
भट्टी विझली त्या आठवड्यात काढलेला;
मनगटाशी एक गुलाब, इतका दाट
की खालचं नाव आता तिलाच वाचता यावं.
मी विचारलं नव्हतं.
तीच म्हणाली, माणूस चुकला,
गुलाब मात्र छान आलाय.

माझ्या आईच्या हातावर विंचू होता.

अकोल्याच्या शाळेत ती सातवीला भूगोल शिकवायची,
एप्रिलात, पंखा बंद,
पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजात.
कर्कवृत्त दाखवायला हात वर जायचा, बाही सरकायची,
आणि दुसरा हात आपोआप येऊन
ती मनगटापर्यंत ओढायचा.
मुली हसायच्या.
मी त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर.
मीही.

चुना लावून झाला होता, मग बिब्बा.
कातडी गेली. विंचू राहिला,
नांगी तेवढी पुसट.
पाच वर्षांची होते, म्हणाली एकदा,
दोघींनी धरून ठेवलं,
त्या बाईला सूपभर ज्वारी दिली.
मला कुणी विचारलं नाही.
आणि मी त्याचा अर्थ विचारला तर,
अर्थ कसला, मेला विंचू.

मृण्मयीनं सतराव्या वर्षी टॅटूचं काढलं
तेव्हा यातलं काहीच सांगितलं नाही मी.
नोकरी मिळणार नाही म्हणाले,
जिथं नर्सपासून बँकेतल्या बाईपर्यंत
सगळ्यांचे हात रंगलेले, त्या गावात.
जन्मभराचं असतं, म्हणाले.
जणू बाकीचं सगळं
पावती दाखवून परत करता येतं.

शेवटच्या दिवशी शॅननने एक पत्रक दिलं:
नको असतील तर ठिपके लेझरने जातात.
त्याच्या कोऱ्या बाजूवर मी
दूध, मेथी, रिमोटचे सेल लिहिलं
आणि ते टेस्कोच्या ट्रॉलीत राहून गेलं.

काल मृण्मयी न्यूकॅसलहून आली.
बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं.
बघू, कुठेत, म्हणाली. मी टॉवेल बाजूला केला.
चार आहेत.
तीनच आहेत गं.
आई, चार.
मग मी चष्मा आणला, तिनं मोबाइलचा दिवा लावला,
आणि आम्ही दोघी आरशासमोर
एका अंगाला वाकून.
एक तीळ. जन्मापासूनचा असणार.
त्रेपन्न वर्षांत मला दिसला नव्हता.
बोटानं चाचपूनही कळेना
कुठला मी आणलेला, कुठला मला दिलेला.

ती जरा वेळ गप्प होती.
मग तिनं स्वेटरची बाही वर ओढली.
कोपराच्या आत, निळ्या शिरेशेजारी, एक किटली.
टोटीतून वाफेच्या दोन रेघा.
कधीचं हे?
तीन वर्षं झाली.
तीन दिवाळ्या, दोन उन्हाळे, माझ्याच घरात,
पूर्ण बाह्यांत.

म्हटलं, अर्थ काय याचा?
अर्थ कसला, म्हणाली, किटली आहे.

नळ गळत होता. मी तो आवळला.
हात पुसले.
मग विचारलं,
हात लावू का?